बँक गॅरंटीतलं ‘विदाउट डिमर’: कां-कू नेमकी कुणी करायची नाही?

विचारणाऱ्यांची अडचण आधी थोडक्यात सांगतो. त्यांचं अंबड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. सिंहस्थाच्या कामांतलं लोखंडी काम एका मोठ्या ठेकेदाराकडून त्यांना पोटठेक्यावर मिळतं आहे आणि त्यासाठी परफॉर्मन्स बँक गॅरंटी, म्हणजे काम नीट झालं नाही तर पैसे देण्याची बँकेची हमी, मागितली आहे. मसुदा इंग्रजीत आहे. त्यात एक ओळ अशी, की नुसती मागणी आली तरी बँक ‘विदाउट एनी डिमर’ पैसे देईल. पुतण्याने मोबाइलवर भाषांतर काढलं, तर ‘कोणत्याही संकोचाशिवाय’ असं आलं. ओळखीचा ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, ‘डिमर म्हणजे डेमरेज हो, उशिराचा दंड लागणार नाही असं लिहिलंय, चांगलंच आहे की.’ बँकेतल्या साहेबांनी ‘स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सही करा’ म्हणून विषय संपवला. तेव्हा त्यांचा प्रश्न असा: हा डिमर म्हणजे काय, आणि या एका शब्दामुळे उद्या तक्रार करायचा माझा हक्क जातो का?

मी नाशकात कोर्टाच्या, बँकेच्या आणि टेंडरच्या कागदांची भाषांतरं करतो. हा शब्द माझ्या टेबलावरून सारखा जात असतो. तुमच्या पुतण्याचंही पूर्ण चुकलेलं नाही आणि ट्रान्सपोर्टवाल्याचंही नाही, पण सही करायला ते दोन्ही अर्थ पुरेसे नाहीत. खरं तर तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारलेत. शब्दाचा अर्थ काय हा पहिला. त्या वाक्यात तो कुणाला बांधतो हा दुसरा, आणि तुमच्या पैशाचा संबंध दुसऱ्याशी आहे. पहिला नीट उलगडला की दुसरा सोपा जातो, म्हणून त्याच क्रमाने घेऊ.

डिमर हे मुळात क्रियापद. स्पेलिंग डी-ई-एम-यू-आर. उच्चारताना जोर ‘मर’वर द्यायचा, यमक ‘फर’शी. अर्थ: समोरचा जे म्हणतोय किंवा मागतोय त्याला लगेच होकार न देता अडखळणं, हरकतीचा सूर काढणं. मराठीत याला अगदी चपखल शब्द आहे, कां-कू करणं. आढेवेढे घेणं हाही जवळचा. पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन आला की आपण ताटावर हात आडवा धरतो आणि ‘नको, नको’ म्हणतो. तो नकार असतोच असं नाही, पण होकारही नसतो. तेवढ्यापुरतं वाढणं थांबतं. डिमर त्या जागेवरचं क्रियापद आहे. प्रोटेस्ट म्हणजे उघड निषेध, रिफ्यूज म्हणजे स्पष्ट नकार, ऑब्जेक्ट म्हणजे रीतसर आक्षेप. डिमर या तिन्हींपेक्षा सौम्य. इंग्रजी बातमीत एखाद्या नेत्याला पद देऊ केल्यावर ‘ही डिमर्ड’ असं आलं, तर त्याने आरडाओरडा केला असं समजू नये. त्याने आढेवेढे घेतले, किंवा नम्रपणे टाळलं.

वापरताना दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, हे क्रियापद थेट कर्म घेत नाही. मागणीला डिमर करायचं तर मध्ये ‘टू’ किंवा ‘ॲट’ लागतं: ‘ही डिमर्ड ॲट द सजेशन’, म्हणजे सूचना ऐकून त्याने कां-कू केली. दोन, भूतकाळात शेवटचा आर दुप्पट होतो. हाच शब्द नाम म्हणूनही चालतो आणि आपल्याकडच्या कागदांत तो बहुतेक त्याच रूपात भेटतो, ‘विदाउट डिमर’. क्रियापद म्हणून तो बोलण्यात फारसा येत नाही, मुद्दाम वापरायलाही मी कुणाला सांगणार नाही. ओळखता आला म्हणजे पुरे.

शेवटी एक ई जास्त लागला की वेगळाच शब्द होतो. डिम्युअर हे विशेषण आहे, अर्थ शालीन, मर्यादशील. 2024 मध्ये समाजमाध्यमांवर हा शब्द इतका फिरला की डिक्शनरी डॉट कॉमने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. तेव्हापासून टाइप करणाऱ्या पोरांच्या बोटांना त्या ई-ची सवय लागली आहे. गॅरंटीच्या मसुद्यात ‘विदाउट एनी डिम्युअर’ असं छापून आलेलं माझ्या पाहण्यात आहे. त्याचा अर्थ लावायचा तर बँक कसलीही शालीनता न दाखवता पैसे देईल! कोर्ट अशा टंकनचुकीवर गॅरंटी मोडीत काढेल असं मला वाटत नाही, पण ज्या कागदावर लाखो रुपये अडकतात तो शुद्ध असावा.

आता मूळ. लॅटिनमध्ये ‘मोरा’ म्हणजे विलंब, खोळंबा. त्यावरून ‘डेमोरारी’, म्हणजे रेंगाळणं. त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये ‘डेमोरर’ झालं, आणि तिथून तेराव्या शतकाच्या सुमाराला ते इंग्रजीत आलं तेव्हा अर्थ फक्त थांबणं, रेंगाळणं एवढाच होता. हरकतीचा त्यात वासही नव्हता. फ्रेंचमध्ये आजही ‘डेमरे’ म्हणजे राहणं, वास्तव्य करणं. आपल्या ‘मुक्काम’मध्ये जसं थांबणंही आहे आणि राहणंही, तसं. इंग्रजीत मात्र रेंगाळण्याचा अर्थ पुढे मेला आणि शब्द हरकतीकडे वळला. आज ‘तो बाजारात रेंगाळला’ या अर्थी कुणी डिमर वापरलं तर इंग्रजांनाही कळणार नाही.

त्या ‘मोरा’ची बाकीची पिलावळ तुमच्या ओळखीची आहे. मोरेटोरियम त्यातलंच. करोनाच्या वेळी, 27 मार्च 2020 ला, रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली आणि नंतर ती 31 ऑगस्टपर्यंत वाढवली, तेव्हा हा शब्द गल्लीतल्या किराणावाल्याच्याही तोंडी होता. आणि ट्रान्सपोर्टवाल्याचं डेमरेजही त्यातलंच, डिमरचं सख्खं भावंड. तिथे थांबण्याचा जुना अर्थ जसाच्या तसा टिकला. जहाज भाड्याने घेतलं की माल चढवा-उतरवायला ठरावीक मुदत मिळते. त्यापेक्षा जास्त वेळ जहाज अडकवलं तर भाडेकरूने मालकाला द्यायची रक्कम म्हणजे डेमरेज. रेल्वेने तो शब्द उचलला. नाशिक रोड, लासलगाव, निफाडला कांद्याच्या रेकचं काम केलेल्यांना त्याचा चटका माहीत असतो. त्यातही एक बारकावा आहे. ठरलेल्या वेळेत वॅगन भरली नाही किंवा रिकामी केली नाही तर लागतं ते डेमरेज. माल उतरवला पण रेल्वेच्या जागेतून उचलला नाही तर लागतं ते व्हार्फेज. बोलताना आपण दोन्हीला डेमरेजच म्हणतो आणि पुष्कळ जण ‘डॅमरेज’ म्हणतात, कारण त्यांना त्यात डॅमेज ऐकू येतं. माल खराब झाल्याची भरपाई असावी अशी समजूत. तसं काही नाही. मालाला ओरखडाही नसला तरी डेमरेज लागतं, ते वेळेचे पैसे असतात.

मग थांबण्याचं हरकत घेणं झालं कुठे? कोर्टात. इंग्लंडमधल्या कोर्टांची भाषा दीर्घकाळ एक प्रकारची फ्रेंच होती. 1362 मध्ये कायदा करून युक्तिवाद इंग्रजीत करायला सांगितलं, तरी शब्द काही गेले नाहीत. आपल्याकडे राज्य बदललं तरी फिर्याद, वकील, मुदत, तारीख जागच्या जागी राहिले, तसंच ते. त्या कोर्टात प्रतिवादीला एक पवित्रा घेता यायचा, त्याचं नाव डिमरर. प्रतिवादी म्हणायचा, ‘घटकाभर धरून चालू की वादीने लिहिलंय ते अक्षरन् अक्षर खरं आहे. तरी कायद्याने त्याला काही मिळू शकत नाही. मी इथेच थांबतो. आधी कोर्टाने एवढं ठरवावं, मग बाकीचं बघू.’

समजा शेजाऱ्याने तुमच्यावर दावा लावला की तुम्ही घराला पोपटी रंग दिलात, तो मला आवडत नाही, सबब भरपाई द्या. रंग तुम्ही दिला की आधीच्या मालकाने, खरंच पोपटी की हिरवा, यावर साक्षीपुरावे घेत बसायची गरज काय? दिला, पोपटीच दिला, असं मानू. पण रंग आवडला नाही म्हणून भरपाई मागता येते असा कायदा कुठे आहे? हा झाला डिमरर. पुढे जायला नकार देऊन एका कायद्याच्या मुद्द्यावर ठाण मांडायचं. ठाण मांडणं म्हणजे थांबणं, आणि त्या थांबण्यातच हरकत आहे. कोर्टातली ही चाल सतराव्या शतकात रोजच्या इंग्रजीत उतरली आणि कुठल्याही गोष्टीला कां-कू करणं म्हणजे डिमर झालं.

इंग्लंडने दिवाणी कामातला डिमरर 1883 मध्ये नियम बदलून मोडीत काढला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात तो अजून त्याच नावाने चालतो. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तो नावाने नाही, पण ऑर्डर 7 रूल 11 खाली दावा फेटाळायचा अर्ज येतो तेव्हा तर्क तोच असतो: फक्त वादपत्र वाचायचं, त्यातलं कथन खरं धरायचं आणि तरीही दावा उभा राहतो का ते बघायचं. एक्सफार विरुद्ध युफार्मा या 2004 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कोर्टाच्या अधिकारक्षेत्रावरच्या हरकतीबद्दल हेच म्हटलं आहे, की ती डिमररच्या वाटेने घेतली असेल तर दावा आणणाऱ्याने मांडलेली वस्तुस्थिती खरी धरूनच तिचा विचार करायचा. त्यामुळे वकिलाच्या तोंडी डिमरर ऐकलात तर त्याचा तुमच्या गॅरंटीशी संबंध नाही, दोघांचं कूळ तेवढं एक.

जाता जाता, या बाबतीत आपली मराठी कमी गमतीची नाही. ‘हरकत’ हा आपल्या कचेरीतला सगळ्यात रुळलेला शब्द. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. हिंदीत ‘हरकतें’ म्हणजे अजूनही चाळे, वागणं. मराठीत ती आडकाठी झाली, आणि ‘हरकत नाही’ हा तर संमतीचा पेटंट उद्गार. म्हणजे इंग्रजांची हरकत थांबण्यातून निघाली आणि आपली हालण्यातून! ‘तक्रार’ मुळात पुनरावृत्ती, तेच तेच म्हणणं. जुन्या वळणाच्या खरेदीखतात एक ओळ असते, ‘कोणाची हिला-हरकत निघाल्यास तिचे निवारण लिहून देणार यांनी करावयाचे आहे.’ हिला म्हणजे बहाणा, सबब. विदाउट डिमरचं भाषांतर करताना मला कुठल्याही शब्दकोशापेक्षा ही ओळ जास्त उपयोगी पडते, कारण डिमरमध्येही थोडा बहाणा आणि थोडी हरकत असते.

आता तुमच्या कागदाकडे येतो.

बँक गॅरंटीत तीन पक्ष असतात. काम करून देणारे तुम्ही, काम करून घेणारा मुख्य ठेकेदार आणि मध्ये जामीन राहणारी बँक. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 126 मध्ये हेच तिघे आहेत. पण गॅरंटीचा जो कागद आहे, तो बँकेने मुख्य ठेकेदाराला लिहून दिलेला असतो. तुमचं नाव त्यात असतं, तुमची जबाबदारी त्यात वर्णन केलेली असते, पण वचन देणारी बँक असते. वाक्याचा कर्ता शोधा. ‘द बँक शॅल पे... विदाउट एनी डिमर.’ कां-कू न करण्याचं वचन बँकेचं आहे. तुम्ही तक्रार करणार नाही असं त्या ओळीत कुठेही म्हटलेलं नाही.

त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर: तुमचा तक्रारीचा हक्क या शब्दाने जात नाही. तो फक्त रांगेत मागे जातो. आधी पैसे जातात, मग तुम्ही भांडायचं. काम नीट झालं होतं, मागणी खोटी होती हे तुम्हाला कोर्टातल्या दाव्यात, किंवा करारात तशी तरतूद असेल तर लवादापुढे, सिद्ध करता येईल आणि रक्कम परत मागता येईल. पण बँकेने तुमच्या बाजूने त्या भांडणात पडायचं नाही. ‘आमचे ग्राहक म्हणतात काम पूर्ण झालंय, जरा थांबा’ एवढं जरी बँक म्हणाली, तरी तो डिमर झाला.

बँका इतकं कडक का लिहून देतात, असं पुष्कळ जण चिडून विचारतात. घेणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. त्याला रोख अनामतीऐवजी कागद मिळतो आहे. तो कागद रोख रकमेइतकाच भरवशाचा नसेल तर तो रोखच मागेल, आणि मग तुमचं खेळतं भांडवल अडकेल. इंग्लंडमधला एडवर्ड ओवेन विरुद्ध बार्कलेज बँक हा 1977 चा खटला यावरचा नमुना आहे. एका इंग्रज कंपनीने लिबियातल्या ग्राहकाला ग्रीनहाऊस पुरवायचा करार केला आणि मागताक्षणी, पुराव्याशिवाय, अटीशिवाय पैसे देणारी गॅरंटी दिली. ग्राहकानेच ठरल्याप्रमाणे लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे मालाचे पैसे देण्याची त्याच्या बँकेची हमी, उघडलं नाही, म्हणून कंपनीने करार संपवला. तरी तिकडून गॅरंटीवर मागणी आली. कंपनीची चूक दिसत नसतानाही कोर्टाने बँकेला पैसे देण्यापासून रोखलं नाही. बँकेने वचन पाळायचं, मूळ भांडणाशी तिला कर्तव्य नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये यू. पी. कोऑपरेटिव्ह फेडरेशन विरुद्ध सिंग कन्सल्टंट्स या निकालात हीच वाट धरली आणि पुढचे निकाल त्याच वळणाने गेले. बिनशर्त गॅरंटी थांबवायला दोनच दारं उरतात. एक, गॅरंटीच्या मुळावरच येणारी आणि बँकेला माहीत असलेली ढळढळीत फसवणूक. दोन, पुन्हा कधीच भरून न निघणारं नुकसान. ‘माझं काम नीट होतं, त्याने मुद्दाम गॅरंटी एन्कॅश केली, म्हणजे वटवली’ हे दोन्हींत सहसा बसत नाही. नाशकातल्या कोर्टात मनाईसाठी धावपळ करणाऱ्यांचे कागद मी भाषांतरासाठी पाहतो, त्यात बहुतेकांची भिस्त याच वाक्यावर असते आणि तिथेच ते अडकतात.

याचा अर्थ एकदा ‘विदाउट डिमर’ लिहिलं की सगळं संपलं, असंही नाही. 1999 च्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी विरुद्ध बिहार सरकार या प्रकरणात गॅरंटीत ‘बिनशर्त’ असा शब्द होता. पण त्याच वाक्यात पुढे मूळ करारातल्या कलमाचा उल्लेख होता, त्या जबाबदाऱ्या पार पडल्या नाहीत तरच पैसे द्यायचे असा. न्यायालयाने वाक्य पूर्ण वाचलं आणि ही गॅरंटी बिनशर्त नाही असं ठरवलं. शिवाय गॅरंटी चीफ इंजिनीअरच्या नावे होती आणि मागणी केली एक्झिक्युटिव्ह इंजिनीअरने. तीही चालली नाही. मला हा निकाल फार आवडतो, कारण तो भाषांतरकाराच्या नजरेने वाचलेला वाटतो. एका शब्दावर कुणी अडून बसलेलं नाही; वाक्याला कुठे ‘जर’ जोडलाय आणि मागणी कुणी करायची लिहिलंय, ते पाहिलं आहे.

म्हणून ‘डिमर हा शब्द काढून टाकायला सांगू का?’ असं कुणी विचारलं की मी नको म्हणतो. तो काढला तरी शेजारी ‘मिअरली ऑन अ डिमांड’, म्हणजे नुसत्या मागणीवर, आहे, ‘अनकंडिशनल’, म्हणजे बिनशर्त, आहे, आणि तुमच्या मसुद्यात कदाचित ‘विदाउट रेफरन्स टू द कॉन्ट्रॅक्टर’ही असेल, म्हणजे तुम्हाला न विचारता. तेच काम ते शब्द करतात. खर्च करायचीच असेल ताकद तर दुसरीकडे करा. मागणी कुणाच्या सहीने यायला हवी, कोणत्या शाखेत, रक्कम जास्तीत जास्त किती, मुदत कधी संपते आणि त्यानंतर क्लेम करायला आणखी किती दिवस. काम पुढे सरकेल तशी रक्कम उतरत जाईल का, हेही विचारा. मागणीपत्रात कामात नेमकी कसूर कोणती ते लिहावं लागेल, एवढी ओळ मिळाली तरी पुष्कळ. खोटं लेखी द्यायला माणूस जरा कचरतो.

यातलं किती पदरात पडेल हे समोर कोण आहे त्यावर आहे. सरकारी खात्याचा फॉरमॅट असेल तर स्वल्पविरामही हलत नाही. मुख्य ठेकेदार खासगी असेल आणि त्याला तुमची गरज असेल, तर बोलता येतं. पण पोटठेकेदाराला एक नेहमीची अडचण असते: वरच्या ठेकेदाराने खात्याला जशी गॅरंटी दिली, तशीच तो खाली मागतो, आणि त्यातही त्याचं चूक म्हणता येत नाही. गॅरंटी द्यावी की न द्यावी, हा निर्णय मसुदा घेऊन वकील आणि सीए यांच्यासमोर बसून करा. भाषांतरकाराने तुम्हाला धंदा शिकवू नये.

मराठी तर्जुमा हवाच असेल, म्हणजे भागीदाराला किंवा घरच्यांना वाचून दाखवायला, तर मी ही ओळ अशी लिहितो: ‘बँक कोणतीही हरकत, तक्रार अथवा सबब पुढे न करता, केवळ लेखी मागणी येताच सदर रक्कम अदा करील.’ मोबाइलने दिलेलं ‘संकोचाशिवाय’ मी घेत नाही, कारण संकोच मनात असतो आणि कागदाला बँकेच्या मनाशी देणंघेणं नाही, वागण्याशी आहे. ‘विनाविलंब’ही घेत नाही. मुळाचा विचार करता तो सगळ्यात जवळचा वाटेल, पण आजच्या मसुद्यांत वेळेसाठी ‘फोर्थविथ’ किंवा ‘इमिजिएटली’ असा वेगळा शब्द बहुधा असतोच. डिमरचंही विनाविलंब केलं की एकच गोष्ट दोनदा येते आणि हरकतीची बाजू वाऱ्यावर राहते. ट्रान्सपोर्टवाल्याचा अर्थ इथेच घसरतो. ‘निमूटपणे’ हा शब्द अर्थाने उत्तम बसतो, पण बँक मॅनेजरपुढे वाचायचा कागद आहे, त्याला जरा अवघडल्यासारखं होईल.

काही मसुद्यांत डिमरच्या मागे ‘रिझर्व्हेशन, कॉन्टेस्ट, रिकोर्स ऑर प्रोटेस्ट’ अशी माळ असते. तिथे हरकत, हात राखून ठेवणं, वाद घालणं, मागे वळून दाद मागणं आणि निषेध अशा छटा वेगळ्या करता येतात. मी त्या करतो, पण खरं सांगायचं तर तिथे वकिलाने कुठलीच फट राहू नये म्हणून सगळे शब्द ओतलेले असतात. सगळ्यांचा सूर एकच, बँकेने तोंड उघडायचं नाही, खिसा उघडायचा.

शेवटी तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. गॅरंटी काढताना बँक तुमच्याकडूनही एक कागद लिहून घेते, काउंटर गॅरंटी किंवा काउंटर इन्डेम्निटी नावाचा. आम्ही तुमच्या वतीने पैसे भरले तर तुम्ही ते आम्हाला भरून द्याल, असा तो असतो. तो नसता तरी करार कायद्याचं कलम 145 जामीनदाराला त्याने रास्तपणे भरलेली रक्कम तुमच्याकडून वसूल करू देतंच. पण या कागदात बहुतेकदा तीच शब्दमाळ पुन्हा येते, ऑन डिमांड, विदाउट डिमर, आणि या वेळी वाक्याचा कर्ता बँक नसते, तुम्ही असता. मार्जिन म्हणून, म्हणजे गॅरंटीच्या बदल्यात बँकेकडे तारण, ठेवलेली एफडी आधी जाते, कुणाचं मार्जिन थोडं असतं तर कुणाचं शंभर टक्के. उरलेली रक्कम कॅश क्रेडिटच्या, म्हणजे धंद्याच्या चालू कर्जाच्या, खात्यात नावे पडते आणि त्यावर व्याज सुरू होतं. घरच्या कुणाची जामीनदार म्हणून सही घेतली असेल तर तेही त्याच ओळीत बांधले जातात. हा कागद बहुतेक वेळा गॅरंटी काढायच्या दिवशीच, बाकीच्या सह्यांच्या गठ्ठ्यात पुढे सरकवला जातो. तो आदल्या दिवशी मागून घ्या, आणि त्यात डिमर कुठे कुठे आलंय त्यावर पेन्सिलने खूण करून प्रत्येक ठिकाणी कर्ता कोण आहे ते वर लिहा. मसुद्यातलं नाव आणि रकमेचे आकडे झाकून दोन्ही कागदांची ती पानं इथे टाकलीत, तर कुठली ओळ कुणाला बांधते ते मी सांगू शकेन.